डिस्क शून्य, डिस्क एक

मे महिन्यातल्या नागपुरात भर दुपारी कूलर बंद करून जो माणूस संगणकाचे कॅबिनेट उघडतो, त्याच्या घरच्यांनी त्याला वेळीच आवरायला हवे. कूलर बंद करणे भाग होते, कारण आमचा कूलर वाऱ्याबरोबर पाण्याचे तुषारही उडवतो आणि मदरबोर्डवर त्यांचे शिंपण बरे नव्हे, एवढे मलाही कळते. मात्र पाचच मिनिटांत माझ्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा टपोरा थेंब नेमका त्याच मदरबोर्डवर पडला, आणि मी तो बनियनच्या टोकाने, तान्ह्या बाळाचे तोंड पुसावे तसा टिपून घेतला.

बर्डीच्या बाजारातून एक टीबीची एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी वेगवान डिस्क, आणली होती. जुनी, फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्कही एक टीबीचीच होती. संगणक सुरू होईपर्यंत तिच्या कृपेने चहा उकळून, गाळून, पिऊनही होत असे. मुलीच्या बारशापासूनचे सगळे फोटो तिच्यातच होते आणि त्यांची दुसरी प्रत काढण्याचे काम मी गेली सहा वर्षे पुढच्या रविवारी करणार होतो. नवी डिस्क संगणकात ९३१ जीबीचीच दिसली, तेव्हा पत्नीने मापात पाप झाल्याचे तात्काळ जाहीर केले. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४च्या, हे मी तिला समजावले. भाजीवाल्याकडे हा हिशेब मला कधीच का सुचत नाही, असे तिने विचारले.

नवी डिस्क पहिल्यांदा जोडली तेव्हा ‘एमबीआर की जीपीटी’ असा प्रश्न आला होता; डिस्कवरच्या विभागांचा तक्ता मांडण्याच्या या दोन पद्धती, एक जुनी, एक नवी. जुने ते सोने मानून मी १९८३ सालापासून चालत आलेली एमबीआर पद्धत निवडली आणि सबंध डिस्कचा एकच विभाग करून टाकला. पेन ड्राइव्हवरून ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला बसलो, तेव्हा या संगणकावर जीपीटी डिस्कच चालेल, असे सांगून तिने पुढे जायला साफ नकार दिला.

पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. त्याच्या सांगण्यावरून शिफ्ट आणि एफ-१० दाबताच काळी खिडकी उघडली. ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट डिस्क’. यादीत डिस्क शून्य आणि डिस्क एक, दोन्ही ९३१ जीबीच्या, जुळ्या बहिणींसारख्या. त्यांतली नवी तेवढी निवडून ‘क्लीन’ असे लिहायचे होते. ही आज्ञा ‘नक्की ना?’ असे एकदाही विचारत नाही. एंटर दाबले की विभागांचा तक्ता पुसला जातो. साधी फाइल काढताना दोनदा विचारणारा संगणक नेमक्या याच ठिकाणी आज्ञाधारक का होतो, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

‘मामा, जीपीटीच्या रकान्यात तारा दिसतो का? ज्याच्यापुढे तारा, तो जुना.’

तारा दिसत होता. पण अख्खे बारसे एका ताऱ्याच्या भरवशावर सोडायला माझे मन धजेना. चष्मा पुसून तीनदा पाहिले. शून्याकडे नेलेले बोट मागे घेतले.

‘मग कायले घाबरता, मामा! संगणक बंद करा न् जुन्याची केबल काढून ठेवा.’

हा उपाय त्याने तासाभरापूर्वी सांगितला असता, तर माझे दोन किलो वजन शाबूत राहिले असते. केबल काढली, यादीत ९३१ जीबीची एकच डिस्क उरली, ‘क्लीन’ लिहिताना हात किंचितही थरथरला नाही आणि नवी सिस्टिम पहिल्या उकळीच्या आत सुरू होऊ लागली. संध्याकाळी मोठ्या समाधानाने कॅबिनेट उघडून जुनी डिस्क पुन्हा जोडली, कूलर लावला आणि संगणकाचे बटण दाबले.

संगणक कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचा हे ठरवणाऱ्या बायोसमध्ये सुरुवातीचा मान अजून जुन्या डिस्ककडेच होता, हे माझ्या गावीही नव्हते. चहा उकळला, गाळला, पिऊन झाला. मग पडद्यावर जुनीच सिस्टिम, बारशाच्या फोटोसकट, हळूहळू उगवली.

पत्नीने मागून डोकावून पाहिले. ‘अहो, जमलं की तुम्हाला! अगदी पहिल्यासारखा झाला.’