पाचवी पिन

साडेतीन टन! जाहिरातीत काय तो रुबाब. धुरळा उडवत चढ चढणारी गाडी, मागं जोडलेली घराएवढी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, आणि खाली ठसठशीत : ओढते ३५०० किलो. शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं : मागच्याला स्वतःचे ब्रेक असतील तरच. नसतील तर ७५०. आणि ते ब्रेक चालवणारा कंट्रोलर? तो बहुतेकदा नाही मिळत गाडीबरोबर. तुमचा तुम्ही बघा. बैल विकला, कासरा नाही दिला.

अमेरिकेत २००५च्या सुपर ड्यूटी ट्रकला फोर्ड हा कंट्रोलर कारखान्यातूनच बसवून देत होती. आणि मी इथं मेलबर्नला, इतक्या वर्षांनी, भर शनिवारी तोच बसवायला पेडलांखाली डोकं घालून पडलोय. कंबर दाराच्या पत्र्यावर, पाय बाहेर ड्राइव्हवेवर. शेजारच्या आजी दोनदा विचारून गेल्या, बरा आहेस ना म्हणून.

दुकानदार म्हणाला होता, चारच वायरी आहेत. काळी बॅटरीला, पांढरी अर्थिंगला, लाल ब्रेकलाइटच्या स्विचला, निळी मागं कॅरॅव्हॅनला. अर्ध्या तासाचं काम. अरे, तुझ्या डब्याच्या चार आहेत, पण माझ्या गाडीच्या स्विचलाच वेगळ्या चार आहेत, त्यांचं काय! ब्रेक दाबला की एकीत करंट येतो, दुसरीतला जातो. चुकीची धरली तर कंट्रोलरला वाटणार, हा गडी कायम ब्रेकवरच पाय ठेवून बसलाय. म्हणून लेक शेजारच्या सीटवरून वाकून हातानं पेडल दाबतोय आणि मी मल्टिमीटर लावतोय. दाब. सोड. दाब. अरे सोड म्हटलं ना! "बाबा, तू एकदा काय ते ठरव."

कराडच्या चुलतभावाला फोनवर सांगितलं तर तो हसतोय. "आमच्याकडं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरच्या जिवावर उतारानं येतात, तुझं काय कौतिक!" येतात रे. कशा येतात तेही बघितलंय मी.

इथं मागचं वजन ७५० किलोच्या वर गेलं की ब्रेक कायद्यानंच लागतात, माझी कॅरॅव्हॅन १६०० किलोची. तिच्या प्रत्येक चाकात एक चुंबक असतो. करंट मिळाला की तो फिरत्या ड्रमला चिकटतो, दांडा ओढला जातो, ब्रेक लागतो. शंभरच्या वेगात बाजूनं मोठा ट्रक गेला आणि कॅरॅव्हॅन शेपटीसारखी हलायला लागली, तर गाडीचा ब्रेक दाबायचा नसतो. हाताशी असलेल्या कंट्रोलरच्या नॉबनं फक्त मागचे ब्रेक लावायचे, मग ती सरळ होते. म्हणजे तो नॉब काही शोभेचा नाही.

तर संध्याकाळी सगळं जोडलं, कॅरॅव्हॅन लावली, गल्लीत वीसच्या वेगानं नेली, नॉब दाबला. ढिम्म! नॉबवरचा दिवा म्हणतोय, मागं काही जोडलेलंच नाही. अरे सोळाशे किलोचं धूड आहे मागं! दोन तास मी स्वतःच्याच नावानं खडे फोडले. लाल वायर पुन्हा तपासली, अर्थिंग घासून पुन्हा बसवलं, फ्यूज बघितले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. शेवटी टॉर्च घेऊन टोबारखाली, म्हणजे कॅरॅव्हॅन अडकवायच्या मागच्या दांड्याखाली, घुसलो आणि मागचा प्लग उघडला.

पाचवी पिन रिकामी.

इथल्या सात पिनांच्या चपट्या प्लगात ब्रेकची निळी वायर पाचवीवर येते. टोबार बसवणाऱ्या महाभागानं डॅशबोर्डापासून बंपरपर्यंत निळी वायर आणली होती, आणि तिथं टोकाला चिकटपट्टी गुंडाळून वर कोंबून दिली होती. एक स्क्रू! एक स्क्रू पिळायचा राहिला होता, आणि माझा अख्खा शनिवार गेला.

सोमवारी त्या टोबारवाल्याला फोन केला तर साहेब म्हणतात, "तुला इलेक्ट्रिक ब्रेक लागणार हे तू बोलला नव्हतास, मेट."

मग पाच मीटर निळी वायर काय तोरण म्हणून लावली होती? बिलावर 'संपूर्ण वायरिंग' लिहून वेगळे पैसे घेतलेत. ते बिल मी फ्रिजवर चिकटवलंय. बायको म्हणते काढ ते. नाही काढणार.