पाउंड, अँपिअर आणि माझे ९२ किलो

पुण्यात काहीही घ्यायला निघालं की आधी सल्ला मिळतो आणि मग वस्तू, पण बोटीसाठी बॅटरी हवीये म्हटलं की सल्ल्याच्याही आधी लोक तोंडाकडे बघतात. बोट? इथे? हो, इथेच. म्हणजे फुगवायचा पाँटून हो, दोन लांब नळकांडी, मधे पाइपची फ्रेम, त्यावर खुर्ची आणि खुर्चीत गळ घेऊन मी. सकाळी धरणाच्या बॅकवॉटरला पाणी हलतसुद्धा नाही, वल्ही मारत आरामात जाता येतं, पण ऊन चढलं की वारा सुटतो आणि तो नेमका ज्या काठाला गाडी लावलीये तिकडूनच येतो, मग वल्ही मारून मारून खांदे भरून येतात आणि काठ आपला होता तिथेच. म्हणून मोटर.

मेव्हण्याचा पहिला प्रश्न, किती एचपी? त्याला सांगितलं की या मोटरी पाउंडात मोजतात, थ्रस्ट म्हणतात त्याला, पाण्याला किती जोराने रेटते ते. ३० पाउंडवाली फुल स्पीडला १२ व्होल्टवर साधारण ३० अँपिअर ओढते, म्हणजे ३६० वॉट, म्हणजे अर्धा एचपीसुद्धा नाही. एवढं ऐकून बायको किचनमधून म्हणाली, "आपला मिक्सर साडेसातशेचा आहे." झालं! तेव्हापासून घरात या विषयाचं नावच मिक्सर.

मेव्हणा म्हणे मग ५५ ची घे ना, सुसाट जाशील. नाही जात रे बाबा. फुगवलेली नळकांडी एका वेगापर्यंत सुखाने जातात, त्यापुढे कितीही जोर लावा, पुढची लाट तेवढी मोठी होते, आणि या मोटरींची पातीही हळू चालण्यासाठीच बनवलेली असतात. वेग वाढणार जरासा आणि अँपिअर जाणार पन्नासच्या घरात. हिशोब असा सांगतात की दर १०० पाउंड वजनामागे २ पाउंड थ्रस्ट हवा. माझं सगळं बिऱ्हाड दीडशे किलो, म्हणजे साधारण ३३० पाउंड धरलं तरी सात पाउंडात भागतं, वाऱ्यासाठी चौपट धरा, तरी ३० पुरते. मोटरचा विषय खरं तर इथे संपला, खरी रड बॅटरीची.

तपकीर गल्लीत एका दुकानात विचारलं. "इन्व्हर्टरची ट्युब्युलर न्या, १५० एएच, डोळे झाकून." (एएच म्हणजे अँपिअर-अवर, किती अँपिअर किती तास मिळतील त्याचं माप.) वजन किती? "वजन कशाला बघताय, डोक्यावर घेऊन फिरायचीये का?" अहो हो, तेच करायचंय, गाडीपासून पाण्यापर्यंत चिखलातून! पाणी भरलेली ट्युब्युलर पन्नास किलोच्या वर जाते. पाँटूनवर लिहिलंय कमाल १६० किलो. मी ९२, मोटर आठेक, खुर्ची, गळ, डबा, पाणी धरून पंधरा, वर ही बॅटरी, म्हणजे मासा लागला तर त्याला पोहतच काठावर यायला सांगायचं. त्यात आतलं ॲसिड हिंदकळणार ते वेगळंच.

सोसायटीतले काका म्हणाले गाडीची जुनी जोड की, आमची सात वर्षं टिकलीये. काका, गाडीची बॅटरी सेल मारायला क्षणभर दणका देते आणि परत चार्ज होत बसते, तिच्या प्लेटा पातळ, ती तळापर्यंत चारदोनदा उतरवली की कामातून गेली. काकांना हे पटलं नाही, ते बॉनेट उघडून पुरावा दाखवायला निघाले.

१०० एएचची साधी डीप सायकल, म्हणजे पुन्हापुन्हा बरीच उतरवायला बनवलेली, घ्यावी तर तिचंही वजन तीसेक किलो, आणि ते लेबलवरचे १०० सहसा २० तासांत हळूहळू, म्हणजे ५ अँपिअरने, काढले तरचे. ३० ने ओढलं की बरेच कमी मिळतात, त्यात निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे फुल स्पीडला तासाभरात खेळ खल्लास आणि वारा तर आत्ता कुठे सुटलाय. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच बॅटरी बारा किलोच्या आसपास, जवळजवळ सगळी वापरता येते, तीन तास सहज. फक्त किंमत ऐकून मी दुकानदाराकडे खुर्ची मागितली.

घरी येऊन बायकोला समजावलं की बघ, अठरा किलो वाचतात. तिने कागद ओढला, वरचे पैसे भागिले अठरा केलं, किलोमागचा भाव काढला आणि चष्म्यावरून माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "हे अठरा फुकटात होतील." लेक तर लगेच जिमची फी विचारायला लागली. या मुद्द्याला इलेक्ट्रिकलच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नाही.

शेवटी सासरे धावून आले. दर गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते तेव्हा ही घराला उपयोगी पडेल का, एवढंच विचारलं त्यांनी. मी म्हटलं बाबा, बाराशे ऐंशी वॉट-अवर आहेत, राउटर खातो जेमतेम बारा वॉट, शंभर तास चालेल. खोलीत शांतता. बायकोची मीटिंग, लेकीचा क्लास, सासऱ्यांच्या बातम्या, सगळ्यांचं एकदम मत बदललं. मोटर ३० पाउंडची आली, लिथियमचीच बॅटरी आली, वेगळा चार्जर आला, जाड वायर आणि ब्रेकर मी गुपचूप आणला. आता बॅटरी हॉलमधे टीव्हीखाली असते आणि रविवारी न्यायची तर शनिवारी विचारावं लागतं. परत आणली की सासरे आधी चार्ज किती उरलाय ते बघतात, मासा मिळाला का ते मग.