दुकान पाहायचं तर मे महिन्यात, दुपारी तीनला

एक्झॉटिक पेट्सचं (साप, सरडे, परदेशी पक्षी अशा पाळीव जिवांचं) दुकान पारखायला लोक संध्याकाळी जातात. दिवे लागलेले, एसी सुरू, पोरं काचेला नाक लावून उभी. त्या वेळी कोणतंही दुकान बरंच दिसतं. नागपुरात खरी परीक्षा दोनदाच होते. एक, मे महिन्यात दुपारी तीनला, पारा 45 च्या घरात आणि रस्त्यावर चिटपाखरू नसताना. दुसरी, जानेवारीत सकाळी शटर उघडताना, रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरलेला असतो तेव्हा. या दोन वेळी जो दुकानदार निर्धास्तपणे आत बोलावतो, त्याच्याकडून घ्या.

सजावटीवर जाऊ नका. साधा प्लास्टिकचा डबा, खाली वर्तमानपत्र, लपायला एक खोकं, पाण्याचं जड भांडं आणि मागून निघालेली थर्मोस्टॅटची वायर, एवढ्यात बॉल पायथन (छोट्या जातीचा अजगर) उत्तम राहतो. शेजारीच चार फुटी टाकीत नकली वेली, निळी एलईडी पट्टी आणि मधोमध इग्वाना, म्हणजे मोठा हिरवा सरडा. बघणारे त्याचेच फोटो काढतात, पण जास्त हाल त्याचेच असण्याची शक्यता आहे. एलईडीने उजेड पडतो, युव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) मिळत नाही. युव्हीबी नाही म्हणजे कातडीत डी3 जीवनसत्त्व तयार होत नाही, डी3 नाही म्हणजे खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर ते हाडांतून ओढून घेतं. खालचा जबडा सुजलेला किंवा रबरासारखा मऊ, मागचे पाय वाकलेले, बोटं थरथरताहेत, असा इग्वाना ‘एकदम शांत पीस आहे, हातावर बसतो’ म्हणून विकला जातो. अहो, त्याला पळता येत नाही म्हणून तो बसलाय.

‘खिडकीतून ऊन येतं ना’ हे उत्तर हमखास मिळेल. खिडकीची काच युव्हीबी जवळजवळ सगळा अडवते. युव्हीबीची ट्यूब असेल तर कधी लावली ते विचारा. सहा महिने ते वर्षभरात तिचा युव्हीबी पार कमी होतो, उजेड मात्र तसाच राहतो. जाणकार दुकानदार ट्यूबच्या टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवतात. ती तारीख दिसली की मला निम्मा भरवसा वाटतो.

तापमान मोजायला लेसर गन घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, काचेबाहेरून रोखली तर ती काचेचंच तापमान सांगते. झाकण उघडायला लावा, नाहीतर प्रोबचा थर्मामीटर आत ठेवू द्या. बॉल पायथनला एका टोकाला 31 ते 33 अंश आणि दुसऱ्या टोकाला 25 ते 27 लागतं. म्हणजे आकडा एक नसतो, दोन असतात. साप स्वतः सरकत तापमान निवडतो. डबाभर एकच तापमान असेल तर त्याला निवडायला काही उरतच नाही. थंडीत हीट मॅट सगळेच लावतात. मे महिन्यात उलटा प्रश्न असतो, 27 अंशांचं ते टोक आणायचं कुठून?

इथे आपला कुलर येतो. वाळ्याच्या कुलरने खोली गार होते, पण दमटपणा भसाभस वाढतो. बॉल पायथनला तो एक वेळ चालेल, लेपर्ड गेकोसारख्या कोरड्या मुलखातल्या सरड्याला नाही. शिवाय कुलरचा झोत थेट पिंजऱ्यावर असेल तर पक्षी पिसं फुगवून कोपऱ्यात बसतात. पावसाळ्यात कुलर निव्वळ ओल वाढवतो आणि बियांना बुरशी लागते. हॅमस्टर आणि हेजहॉगला 30 च्या पुढे उष्माघाताचा धोका, त्यांना एसी हवाच. आणि अॅक्सोलोटल? पाण्यात राहणारा, बाहेर कल्ले असलेला हा सॅलमँडर मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्याचा जीव, त्याला 16 ते 18 अंशांचं पाणी लागतं. मे महिन्यात टाकीला चिलर न जोडता नागपुरात अॅक्सोलोटल विकणाऱ्याशी पुढे काही बोलण्यात अर्थ नाही. कल्ले पुढे वळलेले आणि त्यांवर कापसासारखी बुरशी दिसली तर पाणी बरेच दिवस गरम आहे असं समजा.

पक्षी पाहताना पाच मिनिटं लांब उभे राहा. माणूस जवळ आला की आजारी पक्षीही ताठ बसतो, शिकार होऊ नये म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. तुमचा विसर पडला की खरं दिसतं. श्वासागणिक शेपटी खालीवर होणं, गुदाभोवती चिकटलेली घाण, बजरीच्या चोचीवर स्पंजासारखी पांढरी खपली (ती किड्यांची). हातात घेतल्यावर छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं तर पक्षी उपाशी तरी आहे किंवा आजारी तरी. सन कॉन्युअरचं (पिवळ्या-केशरी छोट्या पोपटाचं) पिल्लू ‘हँडफीडवर आहे, घरी सिरिंजने भरवा, जीव लागतो’ असं सांगून देत असतील तर घेऊ नका. फीड 39 ते 41 अंशांचंच हवं. जास्त गरम झालं तर पोटळी (गळ्याखालची अन्नाची पिशवी) आतून भाजते, गार झालं तर ती रिकामी होत नाही आणि आत सगळं आंबतं. स्वतः दाणा खाऊ लागलेलं पिल्लूच घरी आणावं.

प्रत्येक वाईट दिसणारी गोष्ट वाईट नसते, हेही सांगायला हवं. सापाचे डोळे निळसर-दुधी झाले तर तो कात टाकणार आहे. बॉल पायथन महिनोन्महिने खात नाही, वजन टिकून असेल तर घाबरू नका. मात्र पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके तरंगताना दिसले, तोंड उघडं ठेवून श्वास चालला असेल, तर ते गोचीडसारखे माइट्स आणि छातीचा संसर्ग. एका डब्यातले माइट्स आठवडाभरात सगळ्या रॅकवर पोचतात. म्हणून नवा माल कुठे ठेवता, हे विचाराच. पक्षी निदान महिनाभर, साप दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत हवेत आणि त्यांची साफसफाई सगळ्यात शेवटी व्हायला हवी. नवा जीव सरळ शोकेसमध्ये जात असेल तर बाकी सगळं कितीही बरं असो, माझ्या लेखी ते दुकान नापास.

आणखी एक विचारा: सुट्टीच्या दिवशी इथे कोण येतं? लाइट गेली तर काय चालू राहतं? शटर पडल्यानंतरचे बारा तास कोणी मोजत नाही.

कागदांचं थोडक्यात. 2018 च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. वन्यजीव कायद्याची 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. साइट्सच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतले बॉल पायथन, इग्वाना, सन कॉन्युअर, आफ्रिकन ग्रे पोपट, अॅक्सोलोटल यांची नोंद 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, मालकी बदलली तर तेही कळवावं लागतं. ‘कागद नंतर देतो भाऊ’ म्हटलं की समजून जा.

कासवांबाबत दोन गोष्टी. लाल पट्ट्यांचं रुपयाएवढं पिल्लू म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. मोठी मादी पंचवीस सेंटिमीटरपर्यंत जाते, तिला तीनशे लिटरच्या पुढची टाकी आणि कोरडं बसायला जागा लागते. दुकानदार हे आपणहून सांगत नसेल तर वर्षा-दोन वर्षांनी ती फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडली जाण्याची तजवीज तो आजच करतोय, आणि तिथल्या देशी कासवांच्या वाट्याचं ती खाणार. दुसरी गोष्ट, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव किंवा आपला देशी पोपट ‘आतल्या खोलीत’ दाखवला, तर कीव येऊन विकत घेऊ नका. पैसे मोजताच ती रिकामी जागा पुढच्या आठवड्यात भरली जाते, आणि तो प्राणी जवळ बाळगण्याचा गुन्हा तुमच्या नावावर चढतो. भांडू नका, व्हिडिओ काढत बसू नका. बाहेर या, वनविभागाच्या 1926 वर फोन करा, दुकानाचा पत्ता आणि पाहिलेल्या प्राण्यांची संख्या सांगा.