निसर्गशाळा म्हणे!

हल्ली 'निसर्गाच्या सान्निध्यात' हे शब्द नसतील तर शाळेची जाहिरात छापतच नसावेत. आत जाऊन बघावं तर दर्शनी भागाला काच, वर्गात एसी आणि अंगणात प्लॅस्टिकचं गवत! जिल्हा परिषदेच्या शाळांत वेगळी तऱ्हा. भिंतीवर वड, मोर, धबधबा रंगवायचा आणि पेव्हर ब्लॉकला आडवा येतो म्हणून अंगणातला लिंब तोडायचा. बोलक्या भिंतींशी माझं वैर नाही, पोरं त्यावरून अक्षरं गिरवतात. पण निसर्ग पाहून शाळा बांधायची तर आधी ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, पाऊस किती झोडपतो हे बघावं लागतं. रंगाचा डबा त्यानंतर.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशातलं गांदो हे गाव बघा. आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे तिथलाच. गावात शाळा नव्हती, म्हणून सातव्या वर्षी घर सोडून शिकायला गेला. पुढे सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर जर्मनी गाठली, बर्लिनमध्ये आर्किटेक्चर शिकला आणि शिकता शिकताच वर्गणी जमवून गावात प्राथमिक शाळा बांधली. ती 2001 साली उभी राहिली. मातीची शाळा म्हटल्यावर गाव नाराज झालं. जर्मनीत शिकलेला पोरगा आणि परत मातीच? पावसात ती टिकायची कशी? आपल्याकडेही अगदी हेच झालं असतं.

त्याने मातीत थोडं सिमेंट मिसळून विटा पाडल्या. वर्गावर विटांचंच छत घातलं, त्यात हवेला फटी ठेवल्या. त्याच्याही वर, चांगली मोकळी जागा सोडून, लोखंडी सळयांच्या कैच्यांवर (छत पेलणाऱ्या सांगाड्यांवर) पत्रा चढवला. पत्रा तापतो, पण तो वर्गाच्या डोक्यावर तापत नाही. खालची गरम हवा फटींतून वर चढते, मधल्या पोकळीतून निघून जाते आणि खिडक्यांतून ताजी हवा आत येते. पत्रा भिंतींच्या बराच पुढे काढलाय, त्यामुळे मातीच्या भिंतीवर ना पाऊस ना ऊन. दोन वर्गांच्या मध्ये सावलीची मोकळी जागा. क्रेन तिथे परवडणारी नव्हती, म्हणून गावकऱ्यांनाच हातकरवत आणि छोटं वेल्डिंग मशीन वापरायला शिकवलं. पुढे वाचनालयाच्या छतासाठी गावातल्या बायांनी घडवलेली मडकी बुडं कापून बसवली, तीच झरोके. या शाळेला 2004 मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला, 2022 मध्ये केरेला प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार. पुरस्कार राहू द्या, दुपारी वर्गात बसवतं हे महत्त्वाचं.

आता आमच्या मराठवाड्यातली पत्र्याची वर्गखोली घ्या. मार्चमध्येच अकरा वाजता पत्रा तडतडायला लागतो. उन्हाच्या बाजूची रांग हळूहळू भिंत सोडून मधे सरकते, वही पंख्यासारखी हलायला लागते. पावसाळ्यात त्याच पत्र्याखाली बाईंनी पाढे म्हणायचे थांबवून गप्प बसायचं, कारण शेजारच्याचं ऐकू येत नाही. उपाय काय, तर सकाळची शाळा! इमारत चुकली म्हणून घड्याळ बदलायचं.

गांदोची नक्कल करा असं माझं म्हणणं नाही. काळ्या मातीच्या विटा तडकतात. आपल्याकडे माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, पांढरी माती वापरायचे ते उगाच नव्हे. कोकणात जांभा आहे, तिथे मातीचा हट्ट कशाला? जुन्या कौलारू शाळांचे गोडवेही मी गाणार नाही. फटींतून हवा खेळायची खरी, पण माकडं कौलं फोडायची आणि मग चार महिने बादल्या लावून वर्ग चालायचा. माझी तक्रार एवढीच, की सिंधुदुर्गातली खोली आणि परभणीतली खोली बांधकामाच्या नकाशात जवळपास सारखीच का? अंदाजपत्रकात टाइल्स असतात, रंग असतो, नामफलकाची कोनशिलासुद्धा असते. पश्चिमेच्या भिंतीला सावली मात्र कधी वाचल्याचं आठवत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्यांनी सही करायच्या आधी तेवढं तरी विचारावं.

मित्रयादीत सिव्हिलवाले बरेच आहात. सध्याच्या पत्र्याच्या खोलीत, पत्र्याखाली दीड-दोन फूट जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचं छत घालायचं आणि वरच्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी ठेवायची, तर एका खोलीला खर्च किती येईल? वाळवी आणि आगीचा विचार धरून सांगा. आकडा आवाक्यातला असेल तर लोकवर्गणीचं मी बघतो.