मेशिंग बारीक केले म्हणजे उत्तर बरोबर आले, असे नाही

फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणजे वस्तूचे लहान तुकडे (एलिमेंट) पाडून तिच्यावर भाराचा काय परिणाम होतो हे संगणकावर काढणे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये तिच्याबद्दल एक सल्ला सर्रास फिरतो: मेशिंग (तुकड्यांची जाळी) जितके बारीक तितके उत्तर अचूक, चूक झालीच तर सॉफ्टवेअर एरर दाखवते, मग मागचे गणित कशाला शिकायचे? यांतल्या पहिल्या दोन विधानांत थोडे तथ्य आहे, म्हणूनच हा सल्ला घातक आहे.

ओढ दिलेल्या रुंद पट्टीत लहान गोल छिद्र असेल, तर छिद्राच्या कडेला स्ट्रेस (आतला ताण) तिप्पट होतो आणि मेशिंग बारीक करत गेल्यास उत्तर त्या आकड्याकडे सरकते, हे खरे. पण फिलेट (गोलाई) न दिलेल्या आतल्या काटकोनी कोपऱ्यात आकडा प्रत्येक वेळी वाढतच जातो, कारण रेषीय लवचीकतेच्या सिद्धान्तानुसार तिथला स्ट्रेस अनंत असतो. एलिमेंटचा प्रकारही तितकाच महत्त्वाचा आहे. २० × २० मिमी छेदाच्या, १ मीटर लांब पोलादी कॅन्टिलिव्हरच्या (एका टोकाला जखडलेल्या तुळईच्या) मोकळ्या टोकाला १०० न्यूटन भार दिला, तर ते १२.५ मिमी खाली येते. हे कागदावर दोन ओळींत निघते. तीच तुळई लांबीत दहा आणि उंचीत एकच, असे चार नोडचे (जोडबिंदूंचे) चौकोनी एलिमेंट घेऊन पूर्ण इंटिग्रेशनने (एलिमेंटचा ताठपणा मोजताना एकही बिंदू न गाळता) सोडवली, तर उत्तर येते सुमारे १.२ मिमी. या एलिमेंटच्या कडा सरळच राहतात, त्यामुळे त्याला वाकता येत नाही आणि मुळात नसलेला शिअर (थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण) त्यात साठतो. आठ नोडचे तेवढेच दहा एलिमेंट घेतले, की उत्तर १२.५ च्या अगदी जवळ येते.

आधार द्यायचाच राहिला तर सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा प्रोग्रॅम) बहुधा थांबतो, हे मान्य. पण मिमी-न्यूटन-टन एककांत पोलादाची घनता ७.८५ × १०⁻⁹ ऐवजी ७८५० टाकली, किंवा सरकता आधार जखडून टाकला, तर तो निमूटपणे उत्तर देतो. वजनाची चूक आधारांवरच्या रिॲक्शनची (आधारांनी दिलेल्या उलट बलांची) बेरीज पाहिली की लगेच सापडते; ती बेरीज मात्र आपणच पाहावी लागते.

गणित कशाला, याचे उत्तर नॉर्वेत आहे. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डमध्ये स्लाइपनर-ए या तेल-वायू मंचाचा काँक्रीटचा तळ चाचणीसाठी पाण्यात उतरवताना बुडाला. त्याच्या पोकळ्यांमधल्या भिंतींवरचा शिअर फायनाइट एलिमेंट विश्लेषणात ४७ टक्क्यांनी कमी आला होता आणि तिथले सळईकामही अपुरे होते. मेशिंग तिथे विरळ होते, हे खरे. पण ते नेमके कुठे बारीक हवे आणि आलेला आकडा पटण्याजोगा आहे का, हे ओळखायला सिद्धान्तच लागतो. अपघातानंतर याच पद्धतीने अधिक काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणात भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती.