क्राईम मालिकेत पंच कुठं असतात ओ?

'सीआयडी'त दयानं दार तोडलं की सगळे हसतात. दाराचं सोडा. एसीपी प्रद्युम्न खोलीत शिरतात, अभिजित टेबलावरचा ग्लास उचलतो आणि आख्ख्या घरात एकही पंच नाही, म्हणजे जप्तीच्या वेळी साक्षीदार म्हणून उभा राहणारा त्रयस्थ माणूस! तो ग्लास कोर्टात टिकणार कसा?

असाच एक भाग आपल्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत घडवून बघा. मे महिना, पत्र्याची शेड, चादरीचा कारखाना. डॉ. साळुंखे प्रेताला हात लावून 'रात्री दहा ते अकरा' सांगणार. शेडमध्ये ४२ अंश असताना? शरीराचं तापमान ३७च्या आसपास, भोवतालची हवाच त्याहून गरम, मग प्रेत गार होणार कुठून? उन्हाळ्यात ताठरपणाही लवकर येतो, लवकर सुटतो. सिव्हिलचा मुरलेला डॉक्टर अशा वेळी मृत्यूची वेळ चांगली ऐसपैस देतो.

रक्ताचे कपडे मालिकेत पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत, कारण कॅमेऱ्याला दिसायला हवेत. ओला कपडा असा बांधला की आत ओल धरते, बुरशी येते, डीएनए खराब होतो. तो सावलीत वाळवायचा, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात, वर पंचांच्या सह्यांचं लेबल आणि लाखेचं सील. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे प्रेतातून काढलेले अवयव, बहुतेक वेळा मिठाच्या संपृक्त द्रावणात राखतात. फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर विष सापडणं मुश्कील. जठर एका बरणीत, यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे दुसरीत. बरणी काठोकाठ भरायची नाही, आत वायू धरतो. त्याच मीठपाण्याचा नमुना वेगळा पाठवायचा, नाहीतर 'विष पाण्यातच होतं' म्हणायला बचाव पक्ष मोकळा.

सगळ्यात मोठी थाप शेवटच्या कबुलीची. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही. तिच्यातून वस्तू सापडली, तर त्या शोधापुरताच भाग कामाचा. म्हणून आधी ठाण्यात दोन पंचांसमोर निवेदन पंचनामा, 'सुरा लपवलाय ती जागा दाखवतो.' मग जीप निघते, आरोपी वाट दाखवतो, सुरा निघतो, पातं-मूठ मोजून जप्ती पंचनामा होतो. आणि केस पडते ती इथंच. पंचनामा संपल्याची वेळ स्टेशन डायरीशी जुळत नाही. किंवा जागा पोलिसांना आधीच ठाऊक होती. नाहीतर पंच असा निघतो, की दर दुसऱ्या केसमध्ये त्याचीच सही!

१ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालंय. पण मोबाईलमधला व्हिडिओ कोर्टात आणायचा तर त्याच साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाईलचा आकडी ठसा, लिहावी लागते. ते राहिलं की बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा.

याच 'सीआयडी'नं २००४ साली १११ मिनिटांचा भाग एकही कट न घेता चित्रित केला होता. तसा एक आख्खा पंचनामा दाखवा की! पहिल्या ओळीपासून सील लागेपर्यंत, मध्ये कट नाही. पुढचा भाग कोर्टात. ठाण्याबाहेरचा चहावाला पंच म्हणून पिंजऱ्यात उभा, उलटतपासणी सुरू.

'सील कशाचं होतं?'

'बघितलं नाही साहेब. मला सही करा म्हणाले, केली.'

सरकारी वकील उठतो आणि आपल्याच साक्षीदाराला फितूर जाहीर करायची परवानगी मागतो.