निळ्या उजेडातले डाग

गेले तीन महिने आमच्या ठाण्याच्या घरात संध्याकाळी पाच ते रात्री दहा समुद्र असतो. प्रवाळांची टाकी जेमतेम अडीच फुटांची, पण तिच्यावरच्या एलईडीचा निळा उजेड हॉल ओलांडून स्वयंपाकघरात शिरतो आणि खिडकीतून समोरच्या बिल्डिंगवर पडतो. सोसायटीचे सेक्रेटरी 'सहज' म्हणून दोनदा येऊन गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी दारातूनच मान आत घालून बार कुठे मांडलाय ते शोधलं.

"अहो, साधा पांढरा दिवा नव्हता का मिळत?" बायकोने विचारलं. मी खुर्ची ओढून समजावायला बसलो. प्रवाळाच्या अंगात बारीक शैवाल राहतं. ते उजेडावर स्वयंपाक करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला वाढतं. समुद्राचं पाणी लाल रंग वरच्यावर गिळून टाकतं, खोलवर पोचतो तो निळा. म्हणून या शैवालाला साडेचारशे नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे निळाच, उजेड विशेष मानवतो.

"म्हणजे एक रांधणार आणि दुसरा बसून खाणार," ती म्हणाली. "कळलं. आपल्यासारखंच."

खडक बांधणारी कठीण प्रवाळं १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत संरक्षित आहेत, त्यामुळे मी झोअँथिड नावाची मऊ मंडळी आणली. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली ती भिजवलेल्या मनुकांसारखी दिसत होती. घरी निळ्यात ठेवली आणि बटणाएवढा एकेक जीव पोपटी, नारिंगी पेटला. त्यांच्या अंगातली प्रथिनं निळा उजेड पितात आणि दुसऱ्याच रंगाचा परत करतात. मी हरखून फोटो काढले. मोबाईलमध्ये आली नुसती नीळ.

जेवणाचे मात्र हाल झाले. कोथिंबीर काळी, टोमॅटो काळा, आणि पांढरा बनियन घातलेला मी माझ्या आधी खोलीत शिरतो अशी तक्रार. "कमी करा तो उजेड" हे रोजचं पालुपद. मी वीस टक्क्यांवर आणून ठेवला होता.

मग परवा वरणावरच्या फोडणीचं तेल हिरवट पिवळं चमकायला लागलं. हळद! हळदीतलं कर्क्युमिनही हाच धंदा करतं. मी शास्त्रीय आनंदात ते बायकोला दाखवलं, आणि तिथेच घात झाला. तिने वाटीकडे पाहिलं, मग सोफ्याकडे. नव्या खोळीवर, माझ्या बसायच्या जागी, चार बोटं आणि एक अंगठा पोपटी रंगात उमटले होते. सोफ्यावर बसून पोहे खात नाही, असं मी जानेवारीपासून शपथेवर सांगत आलो होतो.

"हा उजेड अजून वाढतो ना हो?" तिने गोड आवाजात विचारलं.

"एकदम वाढवला तर प्रवाळं पांढरी पडतात," मी म्हणालो. "आठवड्याला थोडा थोडा..."

तिने शंभर टक्के केला आणि पडद्यांकडे वळली.